मेसेज नाही आला म्हणजे सगळं ठीक

“मेसेज नाही आला म्हणजे मुलगी वर्गात आहे असं समजायचं, काका.” लातूरच्या त्या क्लासच्या ऑफिसात बसून हे वाक्य मी दिवसातून वीस-वीस वेळा म्हटलं असेल. मुलगा असेल तर मुलगा म्हणायचे, एवढाच फरक. समोरचे वडील मान डोलवायचे, मोबाइल नंबर लिहून द्यायचे आणि पुढच्याला जागा करून द्यायचे. मला ते वाक्य म्हणायला आवडायचं. त्यामागची सगळी व्यवस्था मीच बसवली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

मी मूळची अहमदपूरची. बारावीला लातूरला आले ती डॉक्टर व्हायला. नंबर लागला नाही. मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि डॉक्टर व्हायला आलेल्या दुसऱ्यांच्या लेकरांची हजेरी भरत बसले. तेव्हा त्या भागात दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी, तिसऱ्या घरात मेस आणि उरलेल्या सगळ्या घरांत कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्या होत्या. जूनमध्ये एसटी स्टँडवर नुसत्या गाद्या आणि ट्रंका उतरायच्या. हे सगळं बघून मला राग यायचा, आणि त्याच गर्दीवर माझी नोकरी चालली आहे हे आठवून आणखी राग यायचा.

व्यवस्था अशी होती. सकाळी आठला हजेरी व्हायची. साडेनऊपर्यंत सगळ्या वर्गांचे कागद माझ्याकडे यायचे. मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. साडेदहाच्या ठोक्याला एक प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा, गैरहजर मुलांची नावं उचलायचा आणि त्यांच्या घरी मेसेज पाठवायचा. वेळ एकदा लावून ठेवली की रोज हात लावायची गरज नव्हती. जे आलेत त्यांचे मेसेज कशाला पाठवायचे, असं क्लासच्या सरांचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. उगीच सगळ्यांच्या फोनची टुणटुण कशाला?

त्या जूनमध्ये एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, पायजमा, खिशाला पेन. औसा तालुक्यातल्या, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावातले, तिथल्याच शाळेत शिपाई. मुलगी बरोबर होती, दहावीला शाळेत पहिली आलेली. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी मान डोलवली नाही.

“ते आमाला जमायचं न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “पोरगी आली तरी मेसेज करा. एकच ओळ. आली म्हणून.”

मी कारण विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. भूकंप झाला त्या पहाटे ते कामासाठी उदगीरला होते. जमीन तिथंही हलली, पण घरं उभी होती. लोक म्हणत होते की औशाकडं काहीतरी झालंय, नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाहून कोणी सांगावा घेऊन आलं नाही. सांगावा नाही म्हणजे सगळं बरं असेल, असं त्यांनी धरलं. दुपारी जेवले. दुसऱ्या दिवशी गावी पोचले तेव्हा आई आणि दोन वर्षांची थोरली मुलगी सापडायची होती. ही मुलगी त्यानंतरची.

“दुपारी पोटभर जेवलो मी, मॅडम,” ते म्हणाले. “तवापासून काय कळलं न्हाई म्हंजे बरं हाय, असं मला धरता येत न्हाई.”

मला हे कळायला हवं होतं. त्या पहाटे आमच्या अहमदपूरच्या घरातली मांडणीवरची भांडी खाली आली होती आणि पुढे कितीतरी दिवस आमची गल्ली रस्त्यावर अंथरुणं टाकून झोपत होती. मी लहान होते, पण आईनं घरात जायला घेतलेली धास्ती मला आठवते. पण त्या दिवशी त्यांच्या मागे दहा-बारा माणसं रांगेत उभी होती आणि पंखा बंद होता. मी म्हटलं, काका, अख्ख्या क्लासचं एकाच पद्धतीनं चालतं, एकट्यासाठी वेगळं कॉम्प्युटरला करता येत नाही. हे खोटं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

त्यांनी आणखी एकदा विचारून पाहिलं. मग मुलीकडे बघितलं. तिला लाजल्यासारखं झालं होतं, बापानं आता पुरे करावं असं तिच्या तोंडावर दिसत होतं. “बरं,” ते म्हणाले. “मेसेज न्हाई आला म्हंजे पोरगी ठीक. हे मी धरून चालतो.”

“धरून चाला,” मी म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं.

मुलगी शांत होती. क्लासपासून दोन गल्ल्या सोडून एका घरात तीन मुलींच्या खोलीत तिची कॉट होती. मोबाइल नव्हता. मुलांनी मोबाइल ठेवायचा नाही असा क्लासचा नियमच होता आणि आईबापांना तो फार आवडायचा. रविवारी मेसजवळच्या कॉइनबॉक्सवरून ती घरी फोन करायची. रविवार ते रविवार मधे जे काही होतं ते माझं साडेदहाचं मेसेजचं काम. तिची हजेरी कधी चुकली नाही. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्या घरी एकही मेसेज गेला नाही, आणि तो जायचाही नव्हता.

ऑक्टोबरात लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. आधी लाइट दुपारी दोनला जायची, आता सकाळी दहाला जायची ती एकला यायची. इन्व्हर्टर वर्गातल्या पंख्यांना आणि माइकला पुरायचा. ऑफिसला माझ्या कॉम्प्युटरखालचा तेवढा यूपीएस. तो पंधरा मिनिटं कोकलून मरायचा. पण कॉम्प्युटर झोपवून ठेवला, म्हणजे स्लीपवर टाकला, तर त्याला वीज इतकी कमी लागायची की तीन तास सहज निघायचे आणि उघडी असलेली कामं जशीच्या तशी राहायची. लातूरच्या सगळ्या ऑफिसांत तेव्हा असंच चालायचं. लाइट जायच्या आधी कॉम्प्युटर झोपवायचा, आली की एक बटण दाबून उठवायचा आणि जिथं होतो तिथून पुढे चालायचं.

साडेदहाची वेळ आता झोपेत येत होती, हे मला ठाऊक होतं. मी काही बावळट नव्हते. वेळ हुकली तर जागं झाल्याबरोबर काम उरकून घ्यायचं, अशी सोय त्यात असते. त्या चौकोनात मी बरोबरची खूण करून ठेवली. पहिल्याच दिवशी, सोमवारी, एकला लाइट आली, मी कॉम्प्युटर उठवला आणि नोंदी उघडून पाहिल्या. एक वाजून काही सेकंदांनी काम सुरू झालं, पूर्ण झालं, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं. मी खूश झाले. डबा उघडून जेवायला बसले.

त्या सोमवारी ती मुलगी गैरहजर होती. मंगळवारीही. तिच्या नावापुढे मीच भरलं. रोज तीसेक नावं असायची, नावांकडे मी कधी बघायचे नाही, नंबरांकडे बघायचे. घरी कळतंय ना, मग आपण कशाला लक्ष घालायचं. व्यवस्था बसवली होती ती याच्याचसाठी.

बुधवारी एका पालकांचा फोन आला. अर्धापूरकडचे, केळीची बाग असलेले. त्यांचा मुलगा सोमवारपासून तापानं घरीच होता. ते हसत म्हणाले, मॅडम, पोरगं इथं माझ्यासमोर झोपून राहिलंय, आन् तुमचा मेसेज काय यायना, तुमची मशीन बी आजारी पडली का? मी नोंदी काढल्या. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. मी म्हटलं, मेसेज गेलेत, तुमच्याकडे रेंज नसेल. रेंज तर फुल हाय, ते म्हणाले. मग मेसेज बॉक्स भरला असेल, मी म्हटलं, जुने मेसेज काढून टाका. त्यांनी हाव म्हणून फोन ठेवला. शेजारी फीचं काम बघणाऱ्या बाईंना मी म्हटलं, केळी पिकवता येतात, फोन वापरता येत नाही. त्या हसल्या. मीही हसले.

त्या वेळी मी यादीतल्या आणखी एका घरी फोन करून मेसेज आला का विचारलं असतं, तर अजून बुधवारच होता. गुरुवार यायचा होता.

शनिवारी सकाळी औशाकडच्या त्या मुलीच्या खोलीतली एक मुलगी ऑफिसात आली. ती दुसऱ्या क्लासची, सकाळी सहाला बाहेर पडणारी. खोलीतली तिसरी मुलगी आजी आजारी म्हणून गावी गेलेली. हिला सोमवारपासून ताप होता, असं ती सांगत होती. गोळी घेत होती. घरी कळवू का विचारलं तर म्हणायची, क्लासमधून मेसेज जातोय रोज, बाबा येतीलच. शुक्रवारी संध्याकाळी घरमालकीण पाणी भरायला खाली आली तेव्हा हिच्या नाकातून रक्त येत होतं. रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं, घरी फोन केला, वडील पोचले. डेंग्यू होता. दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पहाटे गेली.

बाबा येतीलच. ती पाच दिवस माझ्या मेसेजच्या भरवशावर वाट बघत पडून होती आणि तिचा बाप माझ्याच भरवशावर निर्धास्त होता. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

रविवारी क्लास बंद असायचा. मी किल्ली घेऊन एकटीच गेले. गैरहजरांच्या यादीत फक्त माझं नाव आणि माझा नंबर टाकला. पाच मिनिटांनंतरची वेळ लावली आणि फोन समोर ठेवून बसले. मेसेज आला. मग कॉम्प्युटर झोपवला, वेळ जाऊ दिली, बटण दाबून उठवला. मेसेज आला. मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की त्याची मला आजही लाज वाटते. म्हणजे माझी चूक नाही, त्यांच्याच फोनचं काहीतरी झालं.

मग लक्षात आलं की लाइट चालू आहे. सोमवार ते शनिवार त्या वेळी ती रोज बंद असायची. मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला, कॉम्प्युटर झोपवला, वेळ जाऊ दिली. स्विच वर केला, कॉम्प्युटर उठवला. फोन गप्प. नोंदीत मात्र लिहिलेलं, पूर्ण. पुन्हा केलं. पुन्हा गप्प, पुन्हा पूर्ण. चौथ्या वेळी माझी नजर खिडकीत ठेवलेल्या मोडेमवर गेली. इंटरनेट त्यातून यायचं. यूपीएस फक्त कॉम्प्युटरला होता. मोडेमचा प्लग भिंतीत. लाइट आली की त्यातला लाल दिवा लुकलुकत राहायचा आणि हिरवा व्हायला दोन-तीन मिनिटं घ्यायचा. कॉम्प्युटर मात्र जागा झाल्या क्षणी हुकलेलं काम उरकायला धावायचा. प्रोग्रॅमला इंटरनेट सापडायचं नाही, तो आवाज न करता बंद व्हायचा. वेळ सांभाळणाऱ्या त्या यंत्रणेचं काम प्रोग्रॅम सुरू करून देण्यापुरतं. तो सुरू झाला, बंद झाला, झालं काम. मेसेज गेला की नाही हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, कारण ते विचारायला मी शिकवलं नव्हतं.

आणि गैरहजर असल्याशिवाय मेसेजच करायचा नाही, अशी माझी व्यवस्था. आठशे मुलांच्या घरी आठवडाभर एकही मेसेज गेला नाही आणि जवळपास सगळ्यांनी त्याचा अर्थ माझ्या सांगण्याप्रमाणेच लावला.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. जागं झाल्यावर पाच मिनिटं थांबायचं, इंटरनेट आहे का बघायचं, नसेल तर पुन्हा थांबायचं, पोच आल्याशिवाय पूर्ण म्हणायचं नाही. मोडेमचा प्लग यूपीएसला लावला. मग जे आले आहेत त्यांनाही एक ओळ जाईल असं करून बघितलं. घड्याळ लावून केलं. पंचवीस मिनिटं लागली.

आता मी नांदेडला दुसऱ्या ऑफिसात हेच काम करते. रोज सकाळी साडेदहाला माझ्या फोनवर एक ओळ येते, आज सगळं चालू आहे. ती आली नाही तर सणाचा दिवस असला तरी मी ऑटो करून ऑफिस गाठते. इथल्या लोकांना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो.

तर त्या रविवारनंतर, सोमवारी सरांच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं. “दुरुस्त झालं ना? मग बाहेर चर्चा नको,” ते म्हणाले. त्या आठवड्याच्या नोंदींचा कागद काढून ठेवायला त्यांनी सांगितलं. कोणी विचारायला आलं तर दाखवायचा. पूर्ण असं लिहिलंय, त्यात खोटं काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं असतं. मी कागद काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. खोलीवरची ट्रंक आधीच नेली होती. क्लासमध्ये राहिलेली वह्या-पुस्तकं न्यायची होती. तोच पांढरा सदरा, पण खिशाला पेन नव्हता. ते भांडायला आले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

“एवढं बघा बरं, मॅडम. कुठं अडकून बसलाय का मेसेज.”

मी फोन हातात घेतला. कंपनीच्या जाहिराती होत्या, रिचार्जचे मेसेज होते, शाळेच्या मुख्याध्यापकांचा एक होता. मी खालपर्यंत बघितलं. सगळा वेळ मला ठाऊक होतं की तिथं काही नाही. केबिनच्या काचेतून सर बघत होते. मी ड्रॉवर उघडून तो कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांना इंग्रजी फारसं येत नसावं, पण एकाखाली एक सारख्या ओळी त्यांना दिसल्या.

“म्हंजे तुमच्याकडनं गेलाय,” ते म्हणाले.

मी त्यांचा फोन त्यांच्यापुढे ठेवला.

“मग माझ्याच फोनात काय तरी झालं आसंल.” त्यांनी फोन उचलून खिशात ठेवला. “तिची आई रोज इचारायची, आला का मेसेज. न्हाई आला, म्हंजे पोरगी ठीक हाय, असं म्हणून मी जेवाया बसायचो. पाची दिवस.”

बुधवारी अर्धापूरच्या माणसाला मी जे ऐकवलं होतं, तेच ते आता स्वतःला ऐकवत होते, आणि मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. वह्यांचा गठ्ठा उचलून ते गेले. मला त्यांनी नमस्कार केला.

हे सगळं घेऊन मी दोन महिने नोकरी केली. मग एक दिवस राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं औशाला उतरले. तिथून काळीपिवळी जीप. ते गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या आणि सगळी एकसारखी घरं. कोणी सांगितल्याशिवाय घर सापडायचं नाही. किराणा दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घरी न्हाई सापडायचा, टाकीवर बघा. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर ते बसले होते, हातात फोन धरून. गावात तिथंच काय ती चांगली रेंज यायची. फोन नवा होता. साडेदहा वाजून गेले होते.

मी पायरीवर बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. लाइट, झोपलेला कॉम्प्युटर, मोडेम, लाल दिवा. मेसेज गेलाच नव्हता, असं सांगितलं. जूनमध्ये त्यांनी जे मागितलं होतं ते पंचवीस मिनिटांचं काम होतं, हेही सांगितलं.

“म्हंजे माझा फोन बरा होता,” ते म्हणाले.

“हो.”

“त्या दिवशी का न्हाई सांगितलं मग?”

भीती वाटली, मी म्हटलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. ते उठले. “चला,” म्हणाले. “घरी चला. पोरीच्या आईसमोर सांगा.”

तिची आई ओसरीत तूर निवडत बसली होती. त्यांनी तिला काही सांगितलं नाही, माझ्याकडे नुसता हात केला आणि खांबाला टेकून उभे राहिले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोडेम वगैरे तिच्या आईंना कळलं की नाही, मला माहीत नाही. पण मेसेज गेलाच नव्हता, हे मी म्हटलं तेव्हा त्यांचा हात सुपात थांबला.

“दोन म्हयने झाले मी यांच्याशी बोलले न्हाई,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “मेसेज आला आन् यांनी बघितला न्हाई, असं धरून बसले होते मी. तुमाला ठावं होतं.”

मी हो म्हटलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला. थोड्या वेळानं त्या ताट घेऊन बाहेर आल्या, ते जमिनीवर ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “जेवून घ्या.”

ते तसेच खांबाला टेकून ताटाकडे बघत राहिले. मला कोणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मी चपला घातल्या आणि जीप थांबते तिकडे चालायला लागले.